आधी रूळ, आधी घर की आधी नकाशा?

शहर वाढतं म्हणजे काय होतं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाची लेक चाकणला दिलेली, कुणाचा भाऊ डोंबिवलीत खोली घेऊन राहतो, कुणी स्वतः भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडते. पण शहरानं कुठल्या बाजूला पाय पसरायचे, हे ठरतं कसं? आज आम्ही तीन शहरांचा इतिहास सांगणार आहोत: मुंबई, पुणे आणि नवी मुंबई. तिन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण वाढली तीन तऱ्हांनी. मुंबईत आधी रूळ आले, मग घरं. पुण्यात आधी घरं आली आणि गाड्यांचं पुढे बघू म्हटलं गेलं. नवी मुंबईत या दोन्हींच्या आधी कागदावर नकाशा आला.

मुंबईपासून सुरू करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १४ डबे, ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरचा रस्ता. ही रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेटांनीही खूप खटपट केली होती. इंग्रजांचं लक्ष मात्र कापसाकडे होतं. घाटावरचा कापूस बंदरावर यावा, यासाठी त्यांना रेल्वे हवी होती. माणसांची सोय हा नंतरचा विचार. मग १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पाहता पाहता परळ-लालबागचं गिरणगाव झालं. कोकणातली माणसं बोटीनं आली, घाटावरची रेल्वेनं आली. बायकाही गिरणीत होत्या, सूत गुंडाळायच्या खात्यांत. कामावर जायला त्या काळी गाडी लागत नव्हती. चाळ गिरणीच्या भोंग्याला लागूनच असायची.

९ मे १८७४ पासून मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. सुरुवातीचं भाडं तीन आणे. मजुराच्या दिवसाच्या कमाईतला केवढा तरी भाग त्यात गेला असता, म्हणजे ती त्याच्यासाठी नव्हतीच. थोड्याच काळात भाडं दोन आण्यांवर आणावं लागलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावून बंद झाली.

मुंबईचं रूप खरं बदललं ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे १८९६ चा प्लेग. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट दगावली, तेव्हा सरकारला जाग आली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी वेगळा ट्रस्ट नेमला. त्यानं दादर-माटुंगा भागात आखून-रेखून वस्ती वसवली. दुसरी गोष्ट म्हणजे विजेची लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ ला ती बोरीबंदर ते कुर्ला धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडच्या रेल्वेवरही विजेची गाडी बोरिवलीपर्यंत गेली. आता माणूस लांब राहून शहरात रोज कामाला जाऊ शकत होता. रूळ जिथे गेले तिथे स्टेशन, स्टेशनबाहेर बाजार आणि बाजारामागे घरं, अशीच उपनगरं उभी राहिली. म्हणून आजही मुंबईकर पत्ता विचारताना गल्ली विचारत नाही, "कुठल्या स्टेशनला उतरायचं?" असं विचारतो. आणि मग "ईस्ट की वेस्ट?"

या रुळांनी बायकांना काय दिलं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. वसई-विरारकडची भाजीवाली आणि टोपली घेतलेली कोळीण लगेजच्या डब्यातून शहरात माल नेऊ शकली. दूर उपनगरात राहणारी बाई चर्चगेटच्या कचेरीत नोकरी करू शकली. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी पूर्ण गाडीच बायकांसाठी सोडली गेली. त्या डब्यांत भाजी निवडली जाते, भिशी चालते, हळदीकुंकूसुद्धा होतं. स्वस्त पास हा यातला मोठा आधार आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोविडच्या आधी या लोकलनं रोज ७५ लाखांच्या आसपास माणसं जात. एवढा भार एकाच गोष्टीवर पडला की माणसं दाराला लोंबकळतात, आणि गाडीतून पडून किंवा रूळ ओलांडताना जीव जातात. एकेका स्टेशनाभोवती शहर उभं केलं, पण त्या मानानं गाड्या आणि रूळ वाढले नाहीत.

पुण्याची तऱ्हा निराळी. पुण्यातही रेल्वे १८५८ पासून आहे, पण तिनं शहराला आकार दिला नाही. पेठांचं गाव ते, चालत फिरता येणारं. मग सायकलींचं शहर म्हणून ते नावाजलं. १९५० मध्ये पालिकेची बससेवा, म्हणजे पीएमटी, सुरू झाली. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९६१ मध्ये पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या आणि उठलेली कुटुंबं नव्या वसाहतींत गेली. शहर चहूबाजूंनी पसरत राहिलं. कारखाने एका टोकाला, घरं दुसऱ्या टोकाला आणि मधे बस अपुरी. पुणेकरांनी मग आपापला उपाय काढला, तो म्हणजे दुचाकी. घरटी एक झाली, मग दोन झाल्या. ज्या घरात एकच गाडी असते, ती सकाळी कोण घेऊन जातं, हे तुम्हाला सांगायला नको. मागे राहिलेली बाई चालते किंवा सहा आसनी रिक्षात कोंबून बसते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससेवा होत्या. त्या २००७ मध्ये एक झाल्या, तीच आजची पीएमपी. त्याच्या थोडं आधी, २००६ च्या डिसेंबरात, पुण्यानं बससाठी राखीव रस्ता करून पाहिला. ही कल्पना ब्राझील देशातल्या कुरितीबा शहराची. तिथे १९७४ मध्ये बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट दिली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती इथे राहून गेली. उंच इमारती फक्त त्या बसच्या वाटेच्या कडेलाच बांधायच्या, असा नियम केला. म्हणजे जिथे माणसं जास्त तिथेच बस जास्त. पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर राखीव वाट आखली, पण ती सलग राहिली नाही, दुसऱ्या गाड्या तिच्यात घुसत राहिल्या. शिवाय घरं भलतीकडेच वाढत होती. आमच्या मते खरी चूक तीच: बसची वाट एकीकडे आणि बांधकामाची परवानगी दुसरीकडे. ६ मार्च २०२२ पासून पुण्यात मेट्रो धावते आहे, पण ती तयार शहराच्या पोटातून, खांब रोवत काढावी लागली.

आता नवी मुंबई. इथे आपल्यासारख्या गावांची गोष्ट सगळ्यात जास्त आहे. १९६० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचवलं, की मुंबई उत्तरेकडेच लांबत जाते आहे, तर खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा. प्रवीणाताई वास्तुरचनाकार होत्या. त्या काळी अशा कामात बाईचं नाव असणं ही साधी गोष्ट नव्हती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती.

नकाशा चांगला होता. रेल्वेच्या वाटेवर एकेक नोड, म्हणजे शाळा, बाजार, दवाखाना जवळपास असलेली छोटी शहरं. पण त्या नकाशातली रेल्वे आली कधी? खाडीवरचा मोटारींचा पूल १९७३ ला झाला. वाशीला लोकल पोहोचली ९ मे १९९२ ला, म्हणजे सिडकोनंतर २२ वर्षांनी. तोवर मंत्रालय पलीकडे नेण्याची गोष्टही मागे पडली. सरकारी कचेऱ्या दक्षिण मुंबईतच राहिल्या, कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तेवढा वाशीला आला. गावांची जमीन मात्र तेवढी वाट पाहत बसली नाही, ती आधीच गेली होती. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड जमीन ज्याच्या नावावर त्याला मिळाला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण त्याच शेतात भात लावणाऱ्या बाईचा हिशोब त्यात कुठेच नव्हता.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत गेली. त्यांत वाघोली आहे, सूस आहे, खडकवासला आहे. उद्या दुसऱ्या शहराच्या कडेची गावं जातील. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा त्याचा मसुदा जाहीर करावा लागतो, आणि हरकती-सूचनांसाठी ठरावीक दिवसांची मुदत असते. सूचना वर्तमानपत्रात येते, नकाशा पाहायला ठेवलेला असतो. तो पाहायला गटातल्या चार-पाच जणींनी मिळून जावं. रस्ते रुंद दाखवले आहेत का, हे सगळेच बघतात. आपण दुसरं बघावं: बसचा थांबा आणि डेपो कुठे आहे, मंडईची जागा त्या थांब्यापासून पाटी घेऊन चालता येईल एवढ्या अंतरावर आहे का, दवाखाना हमरस्त्याच्या पलीकडे तर टाकलेला नाही ना, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या पोरीला थांब्यापासून घरापर्यंत दिव्याची पायवाट आहे का. पुरुषांचा प्रवास बहुतेकदा घर ते काम आणि काम ते घर असा सरळ असतो. आपला असतो अंगणवाडी, रेशन, बँक, दवाखाना, मग काम, असा वळणावळणाचा. नकाशा काढणाऱ्याला हे फेरे दिसत नाहीत, म्हणून ते हरकतीच्या अर्जात लिहायचे, आपल्या गावाचं आणि वाटेचं नाव घालून. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. त्याची पोच घ्यायला विसरू नका.