साथीचा आलेख कसा वाचावा?

साथीच्या रोगाचा उद्रेक झाला की कोणत्या दिवशी किती जण आजारी पडले, याचा स्तंभालेख काढला जातो. आडव्या अक्षावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख, तर उभ्या अक्षावर रुग्णसंख्या असते.

आलेखाच्या आकारावरून रोगाच्या उगमाचा अंदाज बांधता येतो. एखाद्या पंगतीतील अन्नातून विषबाधा झाल्यास आलेख झपाट्याने चढतो आणि लवकरच उतरतो. दूषित पाण्याचा पुरवठा सुरूच राहिल्यास रुग्णसंख्या अनेक दिवस चढीच राहते. गोवरासारख्या संसर्गजन्य रोगात मात्र काही दिवसांच्या अंतराने, आधीच्यापेक्षा उंच शिखरे दिसू लागतात.

लंडनच्या सोहो भागातील १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत सहाशेहून अधिक बळी गेले. डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा ८ सप्टेंबर रोजी काढण्यात आला आणि त्यामुळेच साथ थांबली, असे सर्रास सांगितले जाते. स्नो यांनीच नोंदवलेले आकडे वेगळे सांगतात. १ सप्टेंबरला १४३ जणांना लागण झाली होती. ८ सप्टेंबरला ही संख्या १२ वर आली होती. बहुतेक रहिवाशांनी तो भाग आधीच सोडला होता. पाण्याविषयीचे स्नो यांचे निदान अचूक होते. पण साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती.

आलेखातील अखेरच्या दिवसांचे स्तंभ मात्र जपून वाचावेत. रुग्णांच्या नोंदी उशिरा येत असल्याने ते सुरुवातीला ठेंगणे दिसतात. त्यावरून साथ ओसरल्याचा निष्कर्ष काढणे घातक ठरू शकते.