ओहिआ लेहुआच्या पर्णकलिकांमधील विविधता

ओहिआ लेहुआ (शास्त्रीय नाव: मेट्रोसिडेरॉस पॉलिमॉर्फा) हा हवाई बेटांवरील प्रदेशनिष्ठ सदाहरित वृक्ष आहे. जांभूळ व पेरू यांच्या मिर्टेसी कुलात त्याचा समावेश होतो. त्याच्या पर्णकलिकांना व कोवळ्या पालवीला हवाईयन भाषेत ‘लिको’ म्हणतात. शेजारशेजारच्या झाडांवरही लिकोचा रंग तांबडा, गुलाबी, पिवळसर हिरवा किंवा रुपेरी असू शकतो. ‘पॉलिमॉर्फा’ या जातिनामाचा अर्थच ‘बहुरूपी’ असा आहे.

रंग

लिकोचा तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पान पक्व होताना तो फिका पडून हिरवा रंग ठळक होतो. त्यामुळे केवळ पालवीच्या रंगावरून झाडाचा प्रकार ठरवता येत नाही. लांबून तांबडी पालवी फुलांसारखी भासते; परंतु या वृक्षाच्या फुलांचा गडद रंग मुख्यतः त्यांच्या लांब पुंकेसरांचा असतो.

लव

काही झाडांच्या कलिकांवर दाट, पांढुरकी लव असते व त्यामुळे त्या रुपेरी दिसतात. काहींच्या कलिका गुळगुळीत व चकचकीत असतात. ‘इन्काना’ या प्रकारात पान पक्व झाल्यावरही त्याच्या खालच्या बाजूस लव टिकते; ‘ग्लाबेरिमा’ या प्रकारात पाने लवहीन असतात. हवाई बेटाच्या सखल भागात पहिला प्रकार नव्या लाव्हाभूमीवर, तर दुसरा जुन्या मातीच्या दमट अरण्यांत अधिक आढळतो. त्यांचे संकरही होतात. निरनिराळ्या उंचीवरील झाडांची रोपे एकाच ठिकाणी वाढवली असता लवेतील फरक कायम राहिला. यावरून हा गुणधर्म मुख्यतः आनुवंशिक असल्याचे दिसते.

सांस्कृतिक महत्त्व व संवर्धन

हुला नृत्याच्या वेळी घालण्याच्या ‘लेई’ या माळांमध्ये लिको गुंफतात. मात्र सेराटोसिस्टिस प्रजातीच्या दोन बुरश्यांमुळे होणाऱ्या ‘रॅपिड ओहिआ डेथ’ या रोगाने हवाई बेटावरील असंख्य झाडे मृत्युमुखी पडली आहेत. बुरशी झाडाच्या जखमेतून आत शिरते. त्यामुळे कलिका खुडताना किंवा फांदी तोडताना झालेली इजाही धोक्याची ठरू शकते. रोगप्रतिकारक झाडांचा शोध घेण्यासाठी, तसेच ही विविधता टिकवण्यासाठी निरनिराळ्या बेटांवरील व अधिवासांतील झाडांचे बी गोळा करून जतन केले जाते.