एक्मो, व्हेंटिलेटरचं बिल कसं वाचायचं? त्यातले 'कोड' म्हणजे काय?

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात एखाद्या रुग्णाला श्वास घेणं अवघड झालं, की आधी ग्रामीण रुग्णालय, मग वाशिम, अकोला किंवा यवतमाळ आणि तिथंही भागलं नाही तर नागपूर, असा प्रवास सुरू होतो. रुग्ण यंत्रावर गेला की खर्च दिवसाच्या हिशेबाने वाढतो. योजनेतून किंवा विम्यातून त्यातले किती पैसे मिळणार, हे बऱ्याच अंशी बिलावरच्या कोडवर ठरतं.

तीन यंत्रं, तीन वेगळे हिशेब

व्हेंटिलेटर फुप्फुसांत हवा ढकलतो, पण रक्तात ऑक्सिजन मिसळण्याचं काम फुप्फुसंच करतात. हार्ट-लंग मशीन हृदयाच्या ऑपरेशनपुरतं काही तास हृदय आणि फुप्फुसांचं काम करतं. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी ते वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं.

एक्मो त्याच तत्त्वावर चालतं, पण अनेक दिवस. रक्त नळीवाटे बाहेर काढायचं, ऑक्सिजनेटरमधून फिरवायचं आणि पुन्हा शरीरात सोडायचं. फक्त फुप्फुसांना आधार हवा असेल तर रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत देतात. हृदयालाही आधार हवा असेल तर ते धमनीत सोडतात. गायक एस. पी. बालसुब्रमण्यम यांना २०२० मध्ये कोविडमुळे एक्मोवर ठेवलं होतं.

हार्ट-लंग मशीन ऑपरेशनचाच भाग असतं. ऑपरेशन पॅकेजमध्ये असेल, तर त्याचं वेगळं बिल का लावलं हे विचारायला हवं. व्हेंटिलेटर आणि एक्मोचा हिशेब मात्र दिवसांवर चालतो.

कोड कशासाठी असतात?

कोड मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला आजाराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत फुप्फुसांच्या तीव्र बिघाडाला, म्हणजे एआरडीएसला, 'जे ८०' हा कोड आहे. दुसरा उपचाराचा. भारतात आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचा 'भाग ब' रुग्णालय भरतं. त्यात या दोन्ही कोडसाठी रकाने असतात. आजाराचा कोड एक सांगतो आणि उपचार दुसराच दिसतो, असं झालं की कंपनी शंका काढते आणि क्लेम अडकतो.

एक्मोचं बिल किती बारकाईने तोडता येतं, हे अमेरिकेच्या सीपीटी कोडमध्ये दिसतं. फुप्फुसांसाठी एक्मो सुरू करण्याचा कोड ३३९४६, हृदयासाठी ३३९४७. रोजच्या देखरेखीचे कोड ३३९४८ आणि ३३९४९. नळ्या घालण्याचे कोड आणखी वेगळे आणि तेही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निराळे. ज्या दिवशी एक्मो सुरू झालं, त्या दिवसाची 'रोजची देखरेख' वेगळी लावता येत नाही. एका कामाचे पैसे दोनदा घेतले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

दिवस मोजताना फरक कुठे पडतो?

कोविडकाळात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते. जून २०२१ पासून शहरांचे तीन वर्ग केले गेले. ग्रामीण भाग ज्यात येतो त्या 'क' वर्गात आयसीयूचा दर दिवसाला ४,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह ५,४०० रुपये होता. हे दर आता लागू नाहीत, पण उदाहरण म्हणून उपयोगी आहेत.

समजा, रुग्ण दहा दिवस आयसीयूत होता आणि त्यातले सहा दिवस व्हेंटिलेटरवर. हिशेब ५०,४०० रुपये होतो. दहाही दिवस व्हेंटिलेटरचे लावले तर ५४,००० रुपये. फरक ३,६०० रुपयांचा. म्हणूनच यंत्र कधी लावलं आणि कधी काढलं, याची केसपेपरवरची तारीख आणि वेळ महत्त्वाची.

एक्मोच्या बिलात नळ्या, ऑक्सिजनेटर, यंत्राचं रोजचं भाडं, यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टची फी, आयसीयूचा बेड, रक्त आणि तपासण्या अशा ओळी येऊ शकतात. ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या झाल्या तर तो बदलावा लागतो. त्यामुळे तो बिलात दोनदा दिसला म्हणजे चूकच असं नाही, पण बदलल्याची नोंद केसपेपरवर हवी.

कोणाचा आधार मिळू शकतो?

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना :* १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. त्याआधी योजना प्रामुख्याने पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. मात्र वाशिमसह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती. योजनेत ठरलेल्या उपचारांनाच पॅकेज मिळतं आणि त्याला आधी मंजुरी लागते. तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी घेता येते. मंजूर पॅकेजमध्ये बेड, औषधं, तपासण्या आणि जेवण धरलेलं असतं. त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत.

*धर्मादाय रुग्णालयं :* १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो.

*खासगी विमा :* मे २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून आयसीयूच्या खर्चात प्रमाणशीर कपात करता येत नाही.

नातेवाइकांनी काय करावं?

- शक्यतो यंत्र लावण्याआधीच आरोग्यमित्राला किंवा विमा डेस्कला विचारा: कोणत्या पॅकेजखाली मंजुरी मागितली? एक्मो त्यात धरलं आहे का?
- नसेल, तर रोजचा अंदाजे खर्च लेखी मागा.
- फक्त एकूण आकडा न घेता तारीखवार, ओळवार बिल मागा.
- बिलातले दिवस केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाशी जुळवून पाहा.
- बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत तसं स्पष्ट आहे.
- फुले योजनेची तक्रार किंवा चौकशी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर करता येते.