‘इहाहामुका’ : तळटीप

१. इहाहामुका : रवांडाच्या किन्यारवांडा भाषेतील शब्द. शब्दशः अर्थ ‘फुप्फुसांविना’. आशय, भीतीने श्वास हरपणे. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवस चाललेल्या नरसंहारात, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य तुत्सी समाजाची होती. त्यातून वाचलेल्यांच्या मानसिक आघाताला पुढे हे नाव रूढ झाले.

अचानक दम कोंडणे, छातीत धडधड, तो प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटून किंचाळणे किंवा पळत सुटणे ही त्याची लक्षणे. दुःस्वप्ने, झोप उडणे, आपणच का वाचलो ही अपराधी टोचणी आणि माणसांवरचा उडालेला विश्वास वर्षानुवर्षे टिकतात. मारणाऱ्यांत शेजारी आणि ओळखीचे लोकही होते. न्यामाता येथे आसऱ्याला आलेल्यांची चर्चमध्येच कत्तल झाली. त्यामुळे सुरक्षित जागा ही कल्पनाच मोडली. अनेकांना आप्तांचे देह मिळाले नाहीत, अंत्यविधी झाले नाहीत. शोक अपुराच राहिला. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना एचआयव्हीची लागण झाली. शिक्षा भोगून परतलेले गुन्हेगार पुन्हा त्याच गावांत राहू लागले.

दरवर्षी एप्रिलमध्ये ‘क्विबुका’ या स्मरणकाळात हे झटके वाढतात. म्हणून स्मरणसभांच्या ठिकाणी समुपदेशक हजर ठेवतात. विधवांनी १९९५ मध्ये स्थापलेल्या ‘अवेगा’ संस्थेने परस्पर आधाराचे काम उभारले. नरसंहारानंतर जन्मलेल्या मुलांमध्येही, घरातल्या मौनातून आणि भीतीतून, या आघाताची छाया आढळते.