फिरती तबकडी आणि स्थिर स्मृति

यंत्र जुनें झालें म्हणजे तें मोडींत काढावें, हा विचार मुंबईच्या कारखानदारीस फारसा मानवलेला नाहीं. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी ताडदेवास १८५६ सालीं सुरू झाली आणि पुढें परळ-लालबागचा सारा परिसर धुराड्यांनीं भरून गेला. या गिरण्या वाफेवर चालत. एका प्रचंड एंजिनाची गति लांबच लांब दांडे आणि पट्टे यांच्या द्वारें मागामागास पोंचविली जाई. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून वीज मुंबईस येऊं लागली, तेव्हां त्यासाठीं गिरण्या पाडून नव्या उभारण्याचें कारण पडलें नाहीं. भिंती त्याच राहिल्या. वाफेच्या जागीं वीज आली.

आज गिरगांवांतील एखाद्या कुटुंबाचा दहा वर्षांचा लॅपटॉप मंदावतो, आणि त्यांतील हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे रूढ भाषेंत एसएसडी, बसवितांच तो पुन्हा कामास लागतो. तेव्हां याच जुन्या रीतीची आवृत्ति होत असते. यंत्र तेंच राहतें, एक अवयव बदलतो. मात्र हा अवयव शक्ति देणारा नसून स्मरण राखणारा आहे. शिवाय नवा म्हणून जो आणला जातो, त्याच्या मुळाशीं असलेली कल्पना मुंबईस मुळींच नवी नाहीं.

१९५० नंतरच्या दशकांत डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं, एक गणकयंत्र घडविण्याचें काम चाललें होतें. १९६० सालीं तें पूर्णपणें चालूं लागलें आणि १९६२ च्या जानेवारींत, संस्थेच्या कुलाबा येथील नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगीं, पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. या यंत्राची स्मृति चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळींत कडीं ओंवलेलीं असत. कडें एका दिशेनें चुंबकित झालें म्हणजे ‘एक’ आणि उलट दिशेनें झालें म्हणजे ‘शून्य’. प्रत्येकीं ४० अंकस्थानांचे २०४८ शब्द त्या स्मृतींत मावत. गुणाकार केल्यास ही संख्या ८१,९२० भरते. आजच्या पद्धतीनें देवनागरी मजकूर सांठवूं म्हटल्यास तेवढ्यांत छापील दोन-तीन पृष्ठांहून अधिक मावणार नाहीं.

परंतु त्या स्मृतीचे दोन गुण लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. तिच्यांत हलणारा असा एकही भाग नव्हता. आणि वीज बंद केली तरी कडें आपली दिशा विसरत नसे. फिरल्यावांचून स्मरण राखावें, हा आजच्या एसएसडीचा गुण मुंबईच्या त्या पहिल्या देशी यंत्रांत होताच.

मग मध्यंतरीं फिरती तबकडी आली कशी? याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर, स्वस्ताईमुळें. एकेक कडें तारेंत ओंवणें हें मोठें कष्टाचें आणि खर्चाचें काम होतें; त्या मानानें धातूच्या चकतीस चुंबकीय लेप देणें कितीतरी सोपें. अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं ‘रॅमॅक’ नांवाच्या यंत्राबरोबर अशी तबकड्यांची पेटी प्रथम बाजारांत आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत आणि सुमारें ५० लक्ष अक्षरें सांठवीत. पुढें तबकडी लहान होत गेली, तिची सांठवण वाढत गेली, आणि अखेरीस अडीच इंची रूपांत ती लॅपटॉपच्या पोटांत शिरली.

ग्रामोफोन ज्यांनीं हाताळला आहे, त्यांस हिची रचना समजण्यास कष्ट पडणार नाहींत. तेथें तबकडी आणि सुई, येथेंही तबकडी आणि भुजेच्या टोंकावरील वाचक. भेद इतकाच कीं, हा वाचक तबकडीस स्पर्श न करतां अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असतो. लॅपटॉपमधील सामान्य तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते. हवी ती नोंद सांपडण्यास आधीं भुजेनें योग्य वर्तुळावर जावयाचें आणि मग ती जागा फिरत फिरत खालीं येईपर्यंत थांबावयाचें. या दोन गोष्टींत सेकंदाचा साठावा भाग सहज जातो. हा काळ क्षुल्लक वाटेल. पण संगणक सुरू होतांना विखुरलेल्या हजारों नोंदी एकामागून एक मागतो, आणि प्रत्येक वेळीं त्याचा वेगवान मेंदू तबकडीची वाट पाहत बसतो. जुन्या लॅपटॉपचें मांद्य पुष्कळदां मेंदूचें नसतें. तें भुजेचें असतें.

या वाट पाहण्यावर उतारा जपानांत शोधला गेला. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं ‘फ्लॅश’ स्मृति शास्त्रज्ञांपुढें मांडली, आणि तिचाच अधिक दाट, अधिक स्वस्त असा ‘नँड’ हा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. सिलिकॉनवरील सूक्ष्म घरांत, विद्युत्‌रोधक आवरणाच्या आड, विद्युत्‌भार कोंडून ठेवावयाचा, ही तिची युक्ति. येथें ना फेरा, ना भुजा. नोंद साधारणतः सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास हातीं येते. मात्र प्रारंभीं किंमत आड आली. १९९१ सालीं सनडिस्क या कंपनीनें केवळ २० मेगाबाइटांची एसएसडी तयार केली, तिचें मोल सुमारें १००० डॉलर होतें. पुढें जसजशी किंमत उतरली, तसतशी स्थिर स्मृतीनें आपली जागा परत घेतली. ज्या स्वस्ताईनें तबकडीस गादीवर बसविलें, तिनेंच तिला खालीं उतरविलें.

मुंबईंत या स्थित्यंतराचा बाजार लॅमिंग्टन रोडवर भरतो. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव लोकांच्या तोंडीं अद्याप टिकून आहे. अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. एके काळीं रेडिओचे सुटे भाग घेण्यास जेथें लोक जात, तेथेंच आज दादर-परळकडील मंडळी जुने लॅपटॉप घेऊन येतात. २०२० सालीं शाळा घरांत आली, तेव्हां कपाटांत पडलेलीं अशीं कितीतरी यंत्रें पुन्हा बाहेर निघालीं. काम अवघड नाहीं: मजकुराची नक्कल नव्या सांठ्यावर उतरावयाची, पाठीमागचे स्क्रू काढावयाचे, आणि अडीच इंची तबकडीच्या त्याच खांचेंत तेवढ्याच आकाराची एसएसडी बसवावयाची. अर्थात् कांहीं लॅपटॉपांत सांठा पाटावरच डाक देऊन जोडलेला असतो. तेथें हा उपाय चालत नाहीं.

पण या जीर्णोद्धारांत एक गोष्ट विसरली जाते. फिरती तबकडी बिघडूं लागली म्हणजे पुष्कळदां कुरकुरते, टकटक करते. घरच्या माणसांस सावध होण्यास अवधि मिळतो. स्थिर स्मृति कुरकुरत नाहीं. ती बहुधा एकाएकीं मूक होते, आणि मग तींतून मजकूर परत काढणें कठीण पडतें. तिच्या घरांत लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. वीज न देतां ती वर्षानुवर्षें ठेवून दिली तर कोंडलेला भारही ओसरूं शकतो. लग्नाचीं छायाचित्रें, आजोबांचा आवाज, जागेचे कागद, हें सारें आज याच सांठ्यांत असतें.

म्हणून काढलेली तबकडी भंगारवाल्यास देण्याची घाई करूं नये. ती चांगली असेल तर अल्प खर्चांत मिळणाऱ्या बाहेरील पेटींत घालावी आणि घरांतील मजकुराची दुसरी प्रत तिच्यावर ठेवून अधूनमधून ताजी करीत जावी. देऊनच टाकावयाची झाली तर आधीं तिच्यावरील मजकूर साधनानें पूर्ण पुसावा. नित्याचें काम स्थिर स्मृतीनें करावें, आणि पडत्या काळाची शिदोरी जुन्या तबकडीनें राखावी. अशी वांटणी ज्या घरांत झाली, तेथें जुना लॅपटॉप नुसता वेगवान झाला असें नव्हे. त्यांत जपलेलें घराचें स्मरणही अधिक सुरक्षित झालें.