भांग, गांजा आणि परवान्याची खिडकी

जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या बेगूर पोलिसांनी एका इसमाकडून २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा जप्त केला. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला व त्याची रवानगी कोठडीत झाली. ऑगस्टमध्ये प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयासमोर आले. भांग हे उत्तर भारतात लस्सीच्या दुकानांतून आणि शिवमंदिरांच्या परिसरात उघडपणे विकले जाणारे पेय आहे, असा बचाव होता. न्या. के. नटराजन यांनी भांग ही या कायद्याच्या बंदीत येत नाही हा मुद्दा ग्राह्य धरून जामीन दिला. त्यासाठी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ मधील एका निकालाचाही आधार घेतला.

ही बातमी वाचून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका परिचितांनी मला विचारले, "आमच्याकडे राज्य म्हणते औषध आणि केंद्र म्हणते गुन्हा. तुमच्याकडे हे भांडण कोणाकोणात आहे?" त्यांच्या प्रश्नामागे कुतूहल होते, तशी काळजीही होती. त्यांच्या मावशी बंगळुरूमध्ये कर्करोगावर उपचार घेत होत्या. मी तेव्हा तुटक उत्तर दिले. आज सविस्तर देत आहे.

प्रथम अमेरिकेचे चित्र पाहू. तेथील केंद्रीय कायदा १९७० चा. त्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे 'वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या' पदार्थांत टाकले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जनमताने वैद्यकीय वापराला मुभा दिली आणि मागोमाग इतर राज्ये निघाली. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले, की राज्याने मुभा दिली तरी केंद्राचा कायदा वरचढ आहे. शेवटी २०१४ च्या डिसेंबरात काँग्रेसने वेगळाच मार्ग काढला. राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, अशी अट तिने अर्थसंकल्पातच घातली. कायदा बदलला नाही. फक्त तो राबवणाऱ्याच्या हातातली थैली बांधली.

आपल्याकडचे चित्र याच्या जवळपास उलटे आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन या सदस्याने भारतातील गांजाचा प्रश्न उपस्थित केला. त्यातून सात जणांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. तीन सदस्य भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा, मुंबई इलाख्यातील अहमदनगर अशा लागवडीच्या भागांची माहिती गोळा केली. १८९४ चा त्यांचा अहवाल अनेक खंडांचा आहे. मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे फारशी हानी होत नाही, संपूर्ण बंदी आवश्यक नाही व इष्टही नाही, नियंत्रण आणि कर हाच योग्य मार्ग, असा त्याचा निष्कर्ष होता. महसुलावर डोळा असलेल्या सरकारला तो सोयीचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु प्रशासकाने या अहवालातील एक प्रकरण अवश्य वाचावे. ते वेड्यांच्या इस्पितळांविषयी आहे. गांजाने माणसे वेडी होतात, हे त्या काळी इस्पितळांच्या नोंदवह्यांवरून सिद्ध झाल्याचे मानले जाई. आयोगाने त्या नोंदी एकेक करून तपासल्या. वेडाचे कारण पुष्कळदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाच्या किंवा पाठवणाऱ्या दंडाधिकाऱ्याच्या कागदावरून उतरवलेले होते. रकाना होता, तो भरणे भाग होते, आणि 'गांजा' हे उत्तर हाताशी होते. पुढे त्याच रकान्यांची बेरीज होऊन आकडेवारी तयार झाली. आपल्यापैकी ज्यांनी विवरणपत्रे भरली आहेत, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

राज्यघटनेने हा विषय कसा वाटून दिला, तेही पाहण्यासारखे आहे. अफू, भांग, गांजा यांवरील उत्पादन शुल्क राज्यसूचीत, क्रमांक ५१ वर आहे. औषधे व विषे समवर्ती सूचीत, क्रमांक १९ वर आहेत. म्हणजे महसूल राज्याचा आणि औषध दोघांचे. म्हणूनच राजस्थान, उत्तर प्रदेश येथे भांगेचे सरकारमान्य ठेके चालतात, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हा ठरतो. वाराणसीत गल्लाभर विकली जाणारी गोळी पुण्यात खिशात सापडली, तर पोलीस ठाणे गाठावे लागते.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे अशी करण्यात आली. फुलोऱ्यांविना असलेली पाने व बिया वगळल्या गेल्या. या वगळण्यातच आपली भांग वाचली. गांजाचा बिगर-वैद्यकीय वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची सवलतही मिळाली. ती मुदत संपत आली तेव्हा, ऑगस्ट १९८५ मध्ये, आपल्या संसदेत विधेयक आले. १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा अमलात आला. तीन महिन्यांत एका प्राचीन सवयीचे गुन्ह्यात रूपांतर झाले. योगायोग असा, की त्याच १९८५ मध्ये अमेरिकेने केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर गांजातील मुख्य द्रव्याचे कृत्रिम रूप औषध म्हणून मंजूर केले.

आता माझ्या परिचितांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८ मध्ये बंदी आहे, पण वैद्यकीय व वैज्ञानिक कारणे तिच्यातून वगळलेली आहेत. कलम १० नुसार चरस सोडून गांजाची लागवड, उत्पादन, वाहतूक, विक्री आणि वापर यांचे नियम करून परवानगी देण्याचा अधिकार राज्य शासनांना आहे. कलम १४ मध्ये तंतू व बियांसाठी लागवडीची सोय आहे. म्हणजे जो अधिकार मिळवण्यासाठी अमेरिकेतील राज्ये केंद्राशी भांडली, तो आपल्या राज्यांच्या हाती १९८५ पासून आहे. बहुतेक राज्यांनी तो औषधासाठी वापरलाच नाही. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तंतूंसाठी लागवडीचा पहिला परवाना दिला. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीचा ठराव केला. भांडण कोणाकोणात आहे? आपल्याकडे भांडण नाहीच. आपल्याकडे शांतता आहे, आणि ती अधिक कठीण गोष्ट आहे.

ही शांतता काय करू शकते, याचा अनुभव आपण मॉर्फिनच्या बाबतीत घेतलेला आहे. मॉर्फिन अफूपासून बनते, आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. १९८५ च्या कायद्याने मॉर्फिनच्या वैद्यकीय वापराला कधीही बंदी घातली नव्हती. पण शिक्षा कडक आणि परवाने राज्यागणिक वेगळे होते. ठेवण्याचा, आणण्याचा, नेण्याचा, वापरण्याचा असे अनेक परवाने एकाच वेळी वैध असावे लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर, जो कायद्यापूर्वी वर्षाला शेकडो किलो होता, तो १९९७ पर्यंत सुमारे १८ किलोवर आला. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला. केरळसारख्या काही राज्यांनी तो स्वीकारला, अनेकांनी नाही. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून 'अत्यावश्यक अमली औषधे' असा नवा वर्ग केला, त्यांचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला आणि अनेक परवान्यांच्या जागी एकच खिडकी ठेवली. औषध रुग्णापर्यंत जावे म्हणून येथे अधिकार राज्यांकडून काढून घ्यावा लागला.

यात मीही निर्दोष नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका छोट्या रुग्णालयाची मॉर्फिनच्या परवान्याची फाईल माझ्यासमोर आली होती. साठा सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था स्पष्ट करावी, असा शेरा मारून मी ती परत पाठवली. शेरा नियमाला धरून होता. फाईल पुन्हा आली तेव्हा तीन महिने लोटले होते. परवाना घ्यायला स्वतः आलेल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की ज्या रुग्णासाठी त्यांनी घाई केली होती तो आता हयात नाही. त्यांनी तक्रार केली नाही. मी कोणताही नियम मोडला नव्हता. फक्त फोन उचलून तो प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता, हे मला सुचले नव्हते. परवानगी दिल्याने काही विपरीत घडले तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. न दिल्याने जे घडते त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

म्हणून पुन्हा बंगळुरूकडे. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरमंगलात गांजावर्गीय औषधे देणारे चिकित्सालय सुरू झाले. अशा औषधांचा मार्ग वेगळाच आहे. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूचीत ती विषारी द्रव्यांत मोडते, पण वैद्याच्या देखरेखीखाली देता येते, आणि उत्पादनाचा परवाना राज्याचे औषध प्रशासन देते. पानांपासून बनलेले औषध आयुर्वेदाच्या दारातून आत येते; फुलोऱ्यांपासून बनणाऱ्या औषधासाठी कलम १० चे दार आहे, पण त्याला कडी लागलेली आहे. बेगूर आणि कोरमंगला ही एकाच शहराची उपनगरे. झाड तेच. एका ठिकाणी ते मुद्देमाल होते, दुसऱ्या ठिकाणी औषध.

सावधगिरीचे कारण मी नाकारत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांचे सेवन केले होते. बंगळुरूच्याच निम्हान्समधील व्यसनोपचार विभागाच्या दारात बसलेल्या पालकांना या झाडाचे गुणगान ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. शिवाय गांजा हे कर्करोग बरे करणारे औषध नाही. मळमळ, काही प्रकारची वेदना आणि अपस्माराचे काही दुर्मीळ प्रकार एवढ्यापुरताच त्याचा आधार आहे. परंतु डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. व्हिएन्नात जे मान्य केले, त्याचा नियम राज्यांच्या राजपत्रांतही उतरायला हवा. कोण पिकवील, कोण तपासील, कोण लिहून देईल, हिशेब कोण ठेवील आणि अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असली तरी पुरे. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो बहुधा विसरला जातो.

परिचितांच्या मावशींना पुढे एका वेदनाशामक केंद्रात मॉर्फिन मिळाले, साध्या गोळ्यांच्या रूपात. २०१४ पूर्वी ते किती सहज मिळाले असते, याचा विचार मी त्यांच्याशी बोललो नाही. गांजाची गरज त्यांना पडली नाही. ज्यांना पडेल, त्यांच्यासाठी कायद्यात जागा चाळीस वर्षांपासून तयार आहे. फक्त तेथे खिडकी उघडून कोणी तरी बसायला हवे.