रातव्याची जमीन रिकामी नाही

रातवा घरटे बांधत नाही, म्हणून त्याला घरच नाही असे आपण धरून चालतो. सिल्वासाजवळच्या खडोलीसारख्या औद्योगिक गावाभोवतीचे माळ, बांध आणि खुरटी झुडपे पाहून ‘इथे आहे काय?’ असे सहज विचारले जाते. त्यावर दोन उत्तरे तयारच असतात. सपाटीकरण करून प्लॉट पाडा, नाहीतर झाडे लावून जमीन सुधारा. पहिल्याला विकास म्हणतात, दुसऱ्याला पर्यावरण. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की ही जमीन रिकामी आहे. ती समजूत साफ चुकीची आहे.

आधी या पाखरावरचा जुना आळ निकालात काढू. रातवा रात्री शेळ्यांचे दूध पितो आणि मग शेळी आंधळी होते, असा लोकप्रवाद ॲरिस्टॉटलने नोंदवला आणि तो दोन हजार वर्षे टिकला. इंग्लंडमध्ये तर वासरांच्या आजाराचे खापरही याच्यावर फोडत. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकातच दाखवून दिले, की दोष गुरांच्या पाठीवर अंडी घालणाऱ्या माशीचा आहे. रातवा गुरांजवळ घुटमळतो तो त्यांच्या पायांतून उठणाऱ्या किड्यांसाठी. त्याची चोच इवलीशी, पण जबडा प्रचंड फाकतो आणि त्याच्या कडेला राठ केसांची झालर असते. पतंग, भुंगेरे, पंख फुटलेली वाळवी उडता उडता गिळायला ही रचना योग्य. आचळ ओढायला निरुपयोगी.

आता घराचा प्रश्न. मादी उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी घालते. खाली ना काटकी, ना गवताचे अंथरूण. करड्या-मातकट पिसांवर काळ्या रेघा, डोळे फटीएवढे मिटलेले. माणूस अगदी जवळून गेला तरी ती जागची हलत नाही. पिसांचा रंग जमिनीशी जुळतो तोवरच हे दडणे साधते. म्हणजे तिथले गोटे, सुकी पाने, विरळ गवत हेच तिचे घरटे. मुरूम टाकून रोलर फिरवला की ते संपले.

‘पाखरू आहे, दुसरीकडे जाईल,’ असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या जाती पाहाव्यात. रानरातवा झाडीतल्या पालापाचोळ्यावर बसतो. दादरा-नगर हवेलीतल्या साग-ऐनाच्या रानासारखी जागा त्याला मानवते. भारतीय रातव्याला झुडपे, बांध आणि पडीक शेते लागतात. उघड्या, खडकाळ माळाला धरून राहणारी जात आणखी वेगळी. एकाची जागा मोडली तर दुसऱ्याच्या जागेत त्याची सोय होत नाही.

‘झाडे लावली तर पक्ष्यांचे भलेच होईल,’ हा युक्तिवाद सदिच्छेचा आहे, म्हणूनच अधिक घातक. उघड्या माळावर एकाच जातीची दाट लागवड झाली, की जमिनीवर उतरायला आणि मोकळ्यावर शिकार करायला जागा उरत नाही. सरकारचा 2019 चा ओसाड जमिनींचा ॲटलासही झुडपी जमीन ओसाड जमिनींच्याच यादीत घालतो. जिथले रान तुटले तिथे ते पुन्हा उभे करायलाच हवे, याबद्दल वाद नाही. पण जो माळ मुळात माळच आहे, त्याला रान करण्यात सुधारणा कसली?

कारखान्यांच्या दिव्यांवर किडे जमतात, तेव्हा रातव्याची चंगळच, असेही सांगतात. हा लाभ वरवरचा आहे. दिवे आसपासच्या अंधारातले किडे ओढून घेतात आणि तिथेच थकवून मारतात. रातवा नजरेने शिकार करतो, चांदण्यात अधिक वेळ उडतो. शिवाय त्याला रात्री रस्त्यावर बसायची सवय असते. हेडलाइटमध्ये त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, पण पाखरू दिपून बसून राहते आणि चाकाखाली येते.

मागणी म्हणून अवास्तव काही नाही. मार्च ते जून या विणीच्या काळात माळावर नांगर, रोलर किंवा वणवा नको. वसाहतीतले दिवे खाली तोंड करून लावावेत. रात्री वाहनांचा वेग कमी ठेवावा. आणि रोपासाठी खड्डा खणण्याआधी त्या जागी कोण राहते हे एखाद्या जाणकाराला विचारावे. झाड लावणे पुण्याचे खरे. पण राहत्या जिवाचे घर उठवून केलेल्या पुण्याचा हिशेब जुळत नाही.